ग्लायकोडेलिनची अँटिबॉडी पहिल्यांदाच वापरताय? नागपूरच्या लॅबमधून टप्प्याटप्प्याने

एम.एस्सी. संपवून पीएच.डी.ला नाव नोंदवलं, गाइडनी विषय दिला, "गर्भाशयाच्या अस्तरात ग्लायकोडेलिन हे प्रथिन किती आहे ते बघायचं" असं सांगितलं आणि हातात कॅटलॉगची लिंक ठेवली. तुमची सुरुवात अशीच झाली असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझीही अशीच झाली. पहिले आठ महिने मी ज्या चुका केल्या त्यातल्या बहुतेक कुणीतरी शेजारी बसून अर्धा तास बोललं असतं तर टळल्या असत्या. म्हणून जे मला उशिरा कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आपल्याकडे येणारा बायोप्सीचा तुकडा कुणीतरी बाई वेदना सोसून देते. ती छिंदवाड्याहून रात्रीच्या एसटीने आलेली असते, नाहीतर गोंदियाहून सकाळच्या गाडीने. त्या तुकड्यावर पहिल्याच दिवशी नवी अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिन शोधून त्याला चिकटणारा रेणू, ओतायची नाही. अँटिबॉडी खरंच ग्लायकोडेलिनच ओळखते हे दुसऱ्या नमुन्यांवर आधी सिद्ध करायचं आणि मगच पेशंटच्या ब्लॉकला (मेणात बसवलेल्या तुकड्याला) हात लावायचा.

१. आधी प्रथिनाची ओळख करून घ्या

ग्लायकोडेलिन गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथी तयार करतात, तेही प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली. पाळी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे प्रॉलिफरेटिव्ह फेजमध्ये, ते जवळजवळ नसतं. ओव्ह्युलेशननंतर चार-पाच दिवसांनी ग्रंथींमध्ये दिसू लागतं आणि पुढे वाढत जातं. गर्भ राहिला तर डेसिड्युआत, म्हणजे गरोदरपणात बदललेल्या अस्तरात, भरपूर सापडतं, गर्भजलातही सापडतं. पुरुषांमध्ये ते वीर्यद्रवात असतं आणि तिथे ते सेमिनल व्हेसिकल्स या ग्रंथींमधून येतं. हे वेळापत्रक पाठच करा, तुमचे सगळे कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले तुलनेचे नमुने) यातूनच निघणार आहेत.

जीनचं नाव पीएईपी, पूर्ण रूप प्रोजेस्टॅजेन-असोसिएटेड एंडोमेट्रियल प्रोटीन. तो ९ नंबरच्या क्रोमोसोमवर, ९क्यू३४ या जागी आहे. युनिप्रोट या प्रथिनांच्या डेटाबेसमधला क्रमांक पी०९४६६. साखळी १८० अमिनो आम्लांची बनते, त्यातली पहिली १८ सिग्नल पेप्टाइड म्हणून कापली जातात आणि १६२ उरतात. नुसत्या या साखळीचं वजन १८ किलोडाल्टनच्या आसपास भरतं. पण तिच्यावर २८ आणि ६३ क्रमांकाच्या अॅस्परॅजिनवर साखरेच्या फांद्या जोडलेल्या असतात, त्यामुळे जेलवर वजनाप्रमाणे प्रथिनं वेगळी केली की त्याचा बँड (पट्टा) २८ च्या आसपास येतो. मला हे माहीत नव्हतं. डेटाशीटवर 'अपेक्षित वजन २१' वाचून मी २८ चा खरा बँड दोन आठवडे 'चुकीचा' म्हणून बाजूला ठेवला होता. ते २१ सिग्नल पेप्टाइड धरून, साखर न धरता काढलेलं गणित होतं.

नावांचा गोंधळ मोठा आहे. जुन्या पेपरांत हेच प्रथिन पीपी१४, म्हणजे प्लॅसेंटल प्रोटीन १४, या नावाने भेटेल. नाव तसं असलं तरी ते वारेत तयार होत नाही, डेसिड्युआत होतं. काही ठिकाणी पीईपी असंही लिहिलेलं सापडेल. सगळ्यात धोकादायक सारखेपणा पीएपीपी-ए या नावाशी आहे. ते गरोदरपणातलंच पण पूर्ण वेगळं, कितीतरी मोठं प्रथिन आहे. इंडेंटवर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावर, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर भलतीच कुपी येते आणि उघडलेली अँटिबॉडी कुणी परत घेत नाही. म्हणून इंडेंटवर नावासोबत जीनचं चिन्ह आणि युनिप्रोट क्रमांक हे दोन्ही लिहा.

आणखी एक गोष्ट. गर्भजलातलं ग्लायकोडेलिन-ए आणि वीर्यातलं ग्लायकोडेलिन-एस यांची प्रथिन-साखळी एकच आहे, फरक साखरेत आहे. त्या फरकामुळे त्यांचं कामही बदलतं. ए प्रकार शुक्राणूला अंडपेशीच्या आवरणाला चिकटू देत नाही, एस प्रकार तसं करत नाही. साखळीवर बनवलेली अँटिबॉडी दोघांनाही सारखीच धरेल. तेव्हा "आम्हाला ग्लायकोडेलिन-ए सापडलं" असं वाक्य नुसत्या अशा अँटिबॉडीच्या जोरावर थिसिसमध्ये लिहू नका.

२. कॅटलॉग वाचताना काय बघायचं

किंमत शेवटी बघा. आधी इम्युनोजेन बघा, म्हणजे प्राण्याला नेमकं काय टोचून ही अँटिबॉडी मिळवली ते. छोटं पेप्टाइड असेल तर अँटिबॉडी ब्लॉटमध्ये (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं मेंब्रेनच्या पातळ पट्टीवर उतरवून तपासण्याच्या पद्धतीत) चांगली चालते पण टिश्यूत कधीकधी रुसते. बॅक्टेरियात बनवलेलं पूर्ण प्रथिन असेल तर त्यावर साखर नसते, हे लक्षात ठेवा. गर्भजलातून शुद्ध केलेलं प्रथिन असेल तर अँटिबॉडीचा काही भाग साखरेलाच ओळखत असण्याची शक्यता असते.

मग प्रकार बघा. पॉलिक्लोनल अनेक ठिकाणी चिकटते, सिग्नल जोरदार येतो, पण पुढचा लॉट (कंपनीने बनवलेली पुढची खेप) वेगळ्या सशाचा असू शकतो. मोनोक्लोनलचं तंत्र कोलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवलं. त्यात एकाच पेशीच्या वंशातून अँटिबॉडी येते, त्यामुळे लॉट बदलला तरी फरक कमी पडतो. रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल मिळत असेल आणि बजेट पुरत असेल तर तीच घ्या. तीन-चार वर्षांच्या पीएच.डी.त एक कुपी पुरत नाही. दुसरी कुपी पहिलीसारखी वागली पाहिजे.

'रिअॅक्टिव्हिटी' या रकान्यात ह्यूमन, माउस, रॅट असं तिन्ही लिहिलेलं दिसलं तर थांबा. उंदीर-घुशींमध्ये ग्लायकोडेलिनचा चालू जीनच नाही. मग तिथे ही अँटिबॉडी नेमकं काय धरते आहे, हा प्रश्न कंपनीच्या टेक्निकल सपोर्टला ईमेलने विचारा. उत्तर गोलमोल आलं तर ती कुपी सोडून द्या.

ह्यूमन प्रोटीन अॅटलस मोफत आहे. तिथे पीएईपी टाकून एंडोमेट्रियमच्या स्लाइड बघून घ्या, म्हणजे चांगलं स्टेनिंग कसं दिसतं ते डोळ्यात बसतं. आणि प्रत्येक अँटिबॉडीचा आरआरआयडी (पेपरात द्यायचा तिचा ओळख क्रमांक) आत्ताच टिपून ठेवा. पेपर पाठवायच्या रात्री तो शोधताना फार जीव जातो.

कुपीवर 'रिसर्च यूज ओन्ली' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ शब्दशः घ्या. अशा अँटिबॉडीचा निकाल कुठल्याही पेशंटच्या रिपोर्टवर जाता कामा नये. निदानासाठी वापरायच्या किटना २०१७ चे मेडिकल डिव्हायसेस रूल्स लागू होतात, आपल्या कुपीला ती मान्यता नाही. ओपीडीतल्या एखाद्या डॉक्टरांनी आपुलकीने "या बाईचं जरा बघून सांग ना" म्हटलं तरी नम्रपणे नाही म्हणा.

३. कागदपत्रं

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून विषय ठरला की त्याच आठवड्यात सुरुवात करा. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं, मिहानमधलं एम्स, प्रत्येकाची एथिक्स कमिटी स्वतंत्र आहे. तुम्ही विद्यापीठाच्या विभागात असाल आणि नमुने हॉस्पिटलमधून येणार असतील तर दोन्हीकडची परवानगी लागेल असं धरूनच चाला.

एथिक्ससाठी:
- संशोधनाचा आराखडा, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना धरून
- पेशंटसाठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठी आणि हिंदी दोन्हीत
- नमुना देणाऱ्या विभागप्रमुखांचं संमतीपत्र
- गाइड आणि सहगाइड यांचे सह्या केलेले बायोडेटा
- दोन संस्था असतील तर त्यांच्यातला नमुने देण्या-घेण्याचा करार

खरेदीसाठी:
- इंडेंट, त्यावर कॅटलॉग नंबर, क्लोन नंबर, प्रमाण
- तीन कोटेशन आणि तुलनातक्ता
- एकाच कंपनीकडे मिळणारा क्लोन असेल तर प्रोप्रायटरी सर्टिफिकेट
- डेटाशीटची प्रिंट
- प्रोजेक्टच्या मंजुरीपत्राची प्रत

संमतीपत्राचं हिंदी भाषांतर शेवटच्या दिवसावर ढकलू नका. नागपूरला बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, छत्तीसगड इकडून खूप पेशंट येतात. मराठी कागदावर त्यांचा अंगठा घेणं ही संमती नव्हे. माझी फाइल याच एका कारणाने परत आली आणि पुढच्या मीटिंगपर्यंत अडीच महिने गेले. कमिटीचं म्हणणं बरोबर होतं.

पहिल्या तिमाहीतलं डेसिड्युआ गर्भपाताच्या वेळी मिळतं. तिथे जास्त जपा. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यात २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती यांनुसार त्या स्त्रीची ओळख उघड करता येत नाही. ट्यूबवर फक्त कोड लिहा. नाव नको, केस पेपर नंबर नको, गावही नको.

४. ऑर्डर आणि नागपूरचा उन्हाळा

ही पायरी पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, २०१३ च्या २३ मे रोजी तो ४७.९ होता. थर्माकोलच्या डब्यातले जेल पॅक मुंबईहून किंवा हैदराबादहून निघताना घट्ट असतात, पण डबा सोनेगाव विमानतळाच्या गोदामात नाहीतर कुरिअरच्या गाडीत दुपारभर राहिला की त्यांचं कोमट पाणी होतं.

माझी पहिली कुपी एका शुक्रवारी संध्याकाळी आली. ऑफिस बंद झालं होतं, वॉचमन काकांनी डबा प्रेमाने टेबलावर ठेवला आणि तो सोमवारी सकाळपर्यंत तिथेच राहिला. कूलर बंद, खिडक्या बंद. त्या कुपीने नंतर काहीच दाखवलं नाही. तेव्हापासून मी हे पाळते:

कोटेशन मागतानाच लिहायचं, की डबा फक्त सोमवारी किंवा मंगळवारी निघावा. शक्य असेल तर ऑर्डर अशी द्यायची की माल फेब्रुवारीअखेर हातात येईल. परदेशातून येणाऱ्या अँटिबॉडीला कस्टम्स धरून सहा-सात आठवडे सहज लागतात, म्हणजे इंडेंट डिसेंबरातच निघायला हवा. ट्रॅकिंग नंबर स्वतःच्या फोनवर घ्यायचा. गेटवर आपलं नाव, फोन आणि 'आल्याबरोबर कळवा, फ्रिजमध्ये ठेवायचं आहे' अशी मराठीत चिठ्ठी द्यायची. डबा उघडताना पॅकची स्थिती मोबाइलवर टिपायची. पॅक वितळून गरम झाले असतील तर त्याच दिवशी डिस्ट्रिब्यूटरला फोटोसकट कळवायचं. दुसऱ्या दिवशी कळवलेलं कुणी मानत नाही.

५. कुपी हातात आल्यावर

उघडण्याआधी अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. १०० मायक्रोलिटरमधले १०-१५ झाकणाला चिकटलेले असतात आणि एवढ्याशा कुपीला तीस-चाळीस हजार रुपये पडलेले असतात.

मग डेटाशीट वाचा. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० ला ती गोठत नाही, थेट वापरता येते. ग्लिसरॉल नसेल तर १० मायक्रोलिटरचे भाग करून गोठवा आणि एक भाग एकदाच वितळवा. घरगुती पद्धतीचा, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर वापरू नका. त्यात तापमान सतत वर-खाली होतं. उन्हाळ्यात लाइट गेली की फ्रीजरचं दार कुणी उघडू नये म्हणून आम्ही दारावर कागद लावतो, आणि अँटिबॉडीचे भाग बर्फाच्या पॅकमध्ये दाबून ठेवलेल्या डब्यात ठेवतो.

सोडियम अझाइड लक्षात ठेवा. अँटिबॉडी टिकावी म्हणून ते घातलेलं असतं. प्रायमरीत, म्हणजे ग्लायकोडेलिनला चिकटणाऱ्या पहिल्या अँटिबॉडीत, चालतं, कारण नंतर धुऊन जातं. पण सेकंडरीवर, म्हणजे प्रायमरीला चिकटून सिग्नल देणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीवर, एचआरपी हे एन्झाइम लावलेलं असतं; तिच्या बफरमध्ये अझाइड गेलं तर ते एन्झाइम बंद पडतं आणि मेंब्रेन कोरी राहते. प्रायमरीसाठी बनवलेली बाटली सेकंडरीला वापरू नका.

६. कंट्रोल: इथे वेळ द्या

तुम्ही पुढची तीन वर्षं ज्याच्या आधारावर बोलणार आहात ते सगळं या पायरीवर ठरतं. घाई करू नका. गाइड विचारतील "पेशंटचे नमुने कधी लावणार?", तेव्हा कंट्रोलची मेंब्रेन समोर ठेवा.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून वीर्यद्रव सगळ्यात सोपा. अँड्रॉलॉजी लॅबमध्ये तपासणीनंतर उरलेलं, परवानगी घेतलेलं, सेंट्रिफ्यूज करून शुक्राणू काढून टाकलेलं द्रव घ्या. पण ते संसर्गजन्य समजूनच हाताळा. ग्लोव्हज, सेफ्टी कॅबिनेट आणि तुमची हिपॅटायटिस-बीची लस हे तिन्ही हवं. दुसरा पॉझिटिव्ह म्हणजे पाळीच्या उत्तरार्धातलं अस्तर किंवा डेसिड्युआ.

निगेटिव्ह म्हणून प्रॉलिफरेटिव्ह अस्तर. इथे एक मोठा सापळा आहे. बाईच्या गर्भाशयात हार्मोनवाली कॉपर-टीसारखी साधनं, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी, बसवलेली असतील किंवा ती प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेत असेल, तर पाळीच्या दिवसांचा हिशोब काहीही सांगो, अस्तरात ग्लायकोडेलिन येतं. माझ्या एका 'निगेटिव्ह' नमुन्यात २८ ला ठसठशीत बँड आला तेव्हा मी अँटिबॉडीलाच दोष दिला होता. केस पेपर पुन्हा वाचला तर तिला पाळी लांबवण्याच्या गोळ्या चालू होत्या. घरात पूजा होती. म्हणून नमुना घेताना दोन प्रश्न विचाराच: शेवटच्या पाळीची तारीख, आणि गेल्या तीन महिन्यांत घेतलेली कुठलीही गोळी, इंजेक्शन, साधन. दुसरा प्रश्न साध्या भाषेत विचारा. "हार्मोन घेता का?" म्हटलं तर नाही म्हणतात. "पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती का, ताई?" म्हटलं की आठवतं. तारखेवर विसंबू नका, त्याच बायोप्सीची पॅथॉलॉजिस्टकडून फेज ठरवून घ्या.

याहून भक्कम पुरावा हवा असेल तर एचईके२९३ या लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींमध्ये पीएईपीचा प्लाझ्मिड (जीन वाहून नेणारं डीएनएचं वलय) घाला आणि शेजारच्या डिशमध्ये जीन नसलेला रिकामा वेक्टर घाला. एकीत बँड, दुसरीत नाही, असं दिसलं की मन शांत होतं. दुसऱ्या भागावर बनवलेली वेगळी अँटिबॉडी आणून दोघींचा निकाल जुळवणं हाही चांगला मार्ग आहे. बँड खरंच साखरवाला आहे का ते बघायला पीएनगेज-एफ वापरा. हे एन्झाइम साखर कापून टाकतं आणि बँड २८ वरून १८ च्या जवळ उतरतो. मी हा प्रयोग केला त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की आपण जे बघतोय ते खरं आहे.

प्रत्येक वेळी एक पट्टी फक्त सेकंडरीची ठेवा, प्रायमरीशिवाय. का, ते पुढे येतंच आहे.

७. ब्लॉट

जेल १२ किंवा १५ टक्क्यांचं, टिश्यू लायसेट (टिश्यू वाटून काढलेला प्रथिनांचा अर्क) २० ते ३० मायक्रोग्रॅम. वीर्यद्रव मात्र फार कमी घाला, त्यात प्रथिन इतकं असतं की बँडचा डाग होतो. मेंब्रेन पीव्हीडीएफ, ०.२ मायक्रॉनची, आधी मिथेनॉलमध्ये बुडवून घ्यायची. ट्रान्सफरनंतर पाँसो-एसने (सगळ्याच प्रथिनांना रंगवणाऱ्या रंगाने) रंगवून फोटो काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मेंब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकायला, म्हणजे ब्लॉक करायला, दूध वापरू नका. बहुतेक लॅबमध्ये स्किम्ड मिल्क पावडर वापरतात, स्वस्त पडते, आणि बाकीच्या बऱ्याच प्रथिनांसाठी ती चालते. पण ग्लायकोडेलिन लिपोकॅलिन कुळातलं आहे आणि गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हा त्याचा जवळचा नातेवाईक आहे. पॉलिक्लोनल अँटिबॉडी त्या नातेवाइकालाही चिकटू शकते. सगळी मेंब्रेन आपण त्याच नातेवाइकाने माखली, तर बँड वेगळा कसा दिसणार? माझी पहिली चार ब्लॉट काळी-करडी आली. ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरलं आणि पाटी स्वच्छ झाली. अँटिबॉडी पातळ करायलाही बीएसएवालाच बफर घ्या.

प्रायमरी १:५००, १:१०००, १:२००० अशा तीन पट्ट्यांवर एकदाच तपासून ठरवा. रात्रभर ४ अंशांवर ठेवा. पुस्तकांत 'रूम टेंपरेचरला एक तास' असं लिहिलेलं असतं, पण ते २०-२५ अंश धरून लिहिलंय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या लॅबमध्ये दुपारी ३६-३८ असतं. त्या तासाचा अर्थच बदलतो, बफर उडून जातो आणि बॅकग्राउंड चढतं. सेकंडरीचा तास एसीच्या खोलीत नाहीतर सकाळी लवकर घ्या आणि वहीत त्या वेळचं तापमान लिहा.

धुणं टीबीएसटी बफरने, दहा-दहा मिनिटं, तीन वेळा. सेकंडरी १:५००० पासून सुरू करा.

२५ किलोडाल्टनचा बँड दिसला तर लगेच आनंदी होऊ नका. अस्तरात आणि डेसिड्युआत रक्त असतं, रक्तात बाईच्या स्वतःच्या अँटिबॉडी असतात, आणि त्यांची हलकी साखळी २५ ची, जड साखळी ५० ची असते. सेकंडरी मानवी अँटिबॉडीला थोडी जरी चिकटली तरी ग्लायकोडेलिनच्या अगदी खाली खोटा बँड येतो. फक्त-सेकंडरीची पट्टी यासाठीच ठेवायची. तिथेही तो बँड असेल तर मानवी सीरमवर शुद्ध केलेली, म्हणजे क्रॉस-अॅड्सॉर्ब्ड सेकंडरी मागवा. टिश्यू वाटण्याआधी थंड पीबीएसने रक्त नीट धुऊन घेणं तर हवंच.

पेशी वाढवून काम करणाऱ्यांसाठी: हे प्रथिन पेशी बाहेर सोडतात. लायसेटमध्ये कमी दिसलं म्हणून घाबरू नका, मीडिया तपासा. मीडिया शेवटचे २४ तास सीरमशिवाय ठेवा, नाहीतर अल्ब्युमिन सगळं झाकून टाकतं. नंतर १० किलोडाल्टनच्या फिल्टरने घट्ट करा. आणि मीडियासाठी बीटा-अॅक्टिनचा लोडिंग कंट्रोल लावू नका, ते पेशीच्या आतलं प्रथिन आहे. तिथे पाँसोचा फोटोच कामी येतो.

८. स्लाइडवर

ब्लॉटमध्ये चांगली चालणारी अँटिबॉडी स्लाइडवर चालेलच असं नाही. टिश्यू १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये साधारण २४ तास ठेवलेला हवा. शनिवारी घेतलेली बायोप्सी सोमवारपर्यंत फॉर्मॅलिनमध्ये राहिली तर स्टेनिंग फिकं येतं, असे ब्लॉक वेगळे नोंदवा. सेक्शन ४ मायक्रॉनचे, चार्ज्ड स्लाइडवर. अँटिजेन रिट्रीव्हल (फॉर्मॅलिनमुळे झाकलं गेलेलं प्रथिन पुन्हा उघडं करण्याची पायरी) पीएच ६ च्या सिट्रेटने आणि पीएच ९ च्या ट्रिस-ईडीटीएने, दोन्ही करून बघा आणि एक ठरवा.

अस्तर रक्ताळ असतं, त्यामुळे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची दहा मिनिटं चुकवू नका, नाहीतर लाल पेशी स्वतःच तपकिरी होतात. बायोटिनवर चालणारं जुनं किट टाळा, कारण उत्तरार्धातल्या आणि गरोदरपणातल्या ग्रंथींमध्ये स्वतःचं बायोटिन असतं. पॉलिमर किट घ्या.

उन्हाळ्यात स्लाइड सुकणं हा आपल्याकडचा खास त्रास. कूलरच्या झोतात दहा मिनिटांत कडा कोरड्या पडतात आणि कडेचं स्टेनिंग खोटं गडद येतं. झाकणाचा डबा घ्या, तळाशी ओला टिश्यू पेपर घाला आणि वर स्लाइड ठेवा. कूलरचं तोंड दुसरीकडे वळवा.

खरं स्टेनिंग ग्रंथींच्या पेशींच्या सायटोप्लाझ्ममध्ये आणि ग्रंथीच्या पोकळीतल्या स्रावात दिसतं. एक ग्रंथी गडद, शेजारची फिकी, असं चालतं. केंद्रकं तपकिरी झाली किंवा स्ट्रोमा सरसकट रंगला तर काहीतरी बिघडलंय. तपकिरी रंग देणारं डीएबी हाताळताना ग्लोव्हज काढू नका, त्याचं पाणी सिंकमध्ये ओतू नका. टिश्यूचा कचरा २०१६ च्या बायोमेडिकल नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, काचेच्या स्लाइड निळ्या खुणेच्या डब्यात.

९. वहीत काय राहिलं पाहिजे

कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, आरआरआयडी, कुपी कधी उघडली, कितव्या भागातून घेतलं, कुठल्या प्रमाणात, त्या दिवशी खोली किती तापली होती. नवा लॉट आला की जुना संपायच्या आधी दोन्ही एकाच मेंब्रेनवर, शेजारी-शेजारी लावा, त्याच वीर्यद्रवाच्या आणि त्याच अस्तराच्या साठवलेल्या नमुन्यावर. यासाठी पहिल्याच महिन्यात कंट्रोल नमुन्यांचे वीस-पंचवीस छोटे भाग उणे ८० ला बाजूला ठेवा. त्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'कंट्रोल, पेशंट नाही' असं लिहा, शेजारी तुमचं नाव आणि तारीख टाका, आणि लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलीला तो डबा कुठल्या रॅकमध्ये आहे ते पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.